कर्णा, कुत्रा आणि जातं

पहाटेचे चार वाजले असावेत. साल 1907. परभणीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात, माळवदाच्या घराच्या ढेलजेत तुम्ही घोंगडी पांघरून पडला आहात. आभाळ अजून काळं आहे, पण घर जागं झालंय. आतल्या खोलीत दोघी जणी जात्यापाशी समोरासमोर बसल्यात. एकीचा हात खुंट्याला वर, दुसरीचा खाली. मूठभर जोंधळ्याची वैरण जात्याच्या तोंडात पडते, दगड फिरू लागतो आणि त्या घरघरीवर एक आवाज चढतो. माहेरची वाट, भावाचं शेत, पाळण्यातलं लेकरू, पंढरीचा सखा. एकीची ओवी संपते तिथून दुसरी उचलते. सुरुवात कधी झाली ते तुम्हाला कळलं नाही आणि शेवट ठरलेला नाही. दळण संपेल तेव्हा गाणं थांबेल.

हा आवाज ठेवून घ्यायचा, एवढंच काम घेऊन तुम्ही या काळात आला आहात. प्रवासाची अट एकच आहे: ज्या साली जाल, त्याच सालचं यंत्र वापरायचं. खिशातला फोन घरी राहिला.

यंत्र आहे, पण ते मुंबईत आहे. थॉमस एडिसननं आवाज पहिल्यांदा पकडून परत ऐकवला 1877 साली, कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या नळकांड्यावर. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरनं नळकांडं सोडून सपाट तबकडी घेतली. बाजार तबकडीनं जिंकला याचं कारण साधं आहे. नळकांड्याच्या प्रती काढणं जिकिरीचं होतं. तबकडीचा एक साचा केला की हजारो प्रती दाबून काढता यायच्या. 1902च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात यंत्र मांडून बसला आणि गौहरजानचा आवाज मेणात उतरला. तेव्हापासून कंपनीची माणसं दर काही वर्षांनी हिंदुस्थानात येतात, मोठ्या शहरात खोल्या भाड्यानं घेतात आणि गाणारे बोलावतात.

म्हणून तुम्ही परभणी स्टेशनवर येता. निजामाची मीटरगेज गाडी येऊन सात-आठच वर्षं झालीत. स्टेशनात कापसाच्या गाठी रचल्यात, पाटीवर उर्दू अक्षरं आहेत. गाडी मनमाडला पोचते, तिथं मोठ्या रुळांची गाडी धरायची. मधे निजामाची हद्द संपते. करोडगिरीचा शिपाई बोचकी उघडून बघतो. तुमच्या बोचक्यात त्याला काही सापडत नाही.

मुंबईतली ती खोली लहान आहे. खिडक्यांना जाड पडदे. एका भिंतीतून लांबलचक कर्णा बाहेर आलाय, त्याचं निमुळतं टोक भिंतीपलीकडे गेलंय. पलीकडे गोरा साहेब आणि त्याची गुपितं; तिकडे कुणाला सोडत नाहीत. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गाणाऱ्याच्या छातीतून निघालेली हवाच कर्ण्यातून जाऊन पडद्याला हलवते, पडदा सुईला हलवतो आणि सुई मेणाच्या जाड थाळीत नागमोडी चर कोरते. आवाजाच्या जोरावरच सगळं लिहिलं जातं. म्हणून बाई गायला उभी राहिली की तिचं तोंड जवळजवळ कर्ण्यात घातलेलं असतं. तान वर गेली की मागं उभा असलेला माणूस तिला खांद्याला धरून मागं ओढतो, खर्जात आली की पुढं ढकलतो. सारंगीवाला अगदी जवळ, तबला जमिनीपासून उंचावर. तीन मिनिटं होत आली की खूण होते. खूण झाली की गाणं कुठंही असो, आवरायचं. आणि आवरल्यावर ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते, कारण ही मेणाची थाळी समुद्रापार जर्मनीत हानोव्हरला जाणार आहे. तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळायला हवं. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघायला अजून वर्ष आहे.

तुम्ही कंपनीच्या दलालाला गाठता. आमच्याकडे पहाटे बाया गातात, म्हणता. तो माणूस वाईट नाही, घाईत आहे. विचारतो, “बाईचं नाव काय? पेटी कोण वाजवणार? तीन मिनिटांत बसतं का? आणि विकत कोण घेईल?” चारही प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर नाही. ओवी गाणारीला नाव असतं, पण ते गाण्याला चिकटवायची रीत नाही. साथ दगडाची, आणि दगडाची खालच्या पट्टीतली घरघर या कर्ण्याला पकडताच येत नाही. तीन मिनिटांत तर अर्धा शेरही दळून होत नाही. राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. जी गोष्ट प्रत्येक घरात रोज पहाटे फुकट चालते, ती विकत कोण घेईल? 1907 साली त्या दलालाचं चुकलेलं नाही. आवाज संपू शकतो हे तेव्हा तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक आहे?

या खोलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पुढच्या पन्नास वर्षांचं आपलं संगीत तिनं घडवलंय. इथं आधी आल्या त्या कलावंतिणी आणि नायकिणी. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांना हे दार बंद होतं, आणि पुष्कळ मोठे गवई या यंत्राला घाबरून किंवा चिडून लांब राहिले. भास्करबुवा बखले यांचं उदाहरण घ्या. ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांनी बांधल्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांच्या हाताखाली तयार झाले, 1922 साली ते गेले आणि आज त्यांचा आवाज कसा होता हे ऐकण्याची सोय नाही. शिष्यांच्या तबकड्यांतून अंदाज करायचा. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांची चौकट अशी काही आपलीशी केली, की त्यांच्या तबकड्यांत राग अपुरा वाटत नाही. नाट्यगृहात वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्र संपवणारं पद तबकडीच्या एका बाजूला अडीचशे वेढ्यांत बसवावं लागलं. आपण ज्याला आज ‘गाणं’ म्हणतो, मुखडा, दोन-तीन कडवी, बस्स, त्याची लांबी ठरवली ती त्या मेणाच्या थाळीनं. गवयांनी नाही आणि ऐकणाऱ्यांनीही नाही.

आता 1935. परत परभणी, दिवस हंगामाचे. मोंढ्यात बैलगाड्यांची रांग लागलीय, हवेत सरकीचा वास आहे. आडतीच्या दुकानात गादीवर पेटी मांडलीय. दुकानदार चावी भरतो, झाकणात अडकवलेल्या डबीतून पोलादी सुई काढून बसवतो. एक बाजू वाजली की ती सुई फेकायची, नाहीतर तबकडीचा चर झिजतो. तबकडीच्या मधोमध कर्ण्यापुढं कान टवकारून बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकारानं मूळ चित्रात एडिसनचं नळकांड्याचं यंत्र काढलं होतं; ग्रामोफोन कंपनीनं ते विकत घेतलं तेव्हा त्यावर रंग चढवून तबकडीचं यंत्र रंगवायला लावलं. परभणीच्या बाजारात या इतिहासाशी कुणाला घेणं नाही. इथं ती कुत्र्याची तबकडी आहे, आणि शेजारी मुंबईच्या वडाळ्यात नुकत्याच निघालेल्या कंपनीची ‘यंग इंडिया’ छापाची तबकडी आहे, जी स्वस्त म्हणून लोक मागतात. पैसे द्यायचे तर आधी भाव बोलायचा तो कलदारचा की हालीचा? इंग्रजांच्या सहा कलदारला निजामाचे सात हाली रुपये. आडत्या तोंडी हिशेब करतो.

“बसा की. कुण्या गावचे म्हणायचे तुम्ही?” तो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता सुई टेकवतो.

आधी खरखर, मग आवाज. आणि तुमच्या लक्षात येतं की हा आवाज 1907चा नाही. बाई ओरडत नाहीयेत. श्वास ऐकू येतोय. 1925 साली विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, कर्ण्याची जागा मायक्रोफोननं घेतली आणि हळू बोलल्यासारखं गाणंही तबकडीवर टिकू लागलं. हिराबाई बडोदेकरांचा शांत सूर घरोघर गेला तो याच काळात. मराठी भावगीत उभं राहिलं ते याच यंत्रावर. ज्या गाण्याला रंगमंच नको, ताकद नको, कानाशी येऊन सांगणं हवं, ते कर्ण्याच्या काळात शक्यच नव्हतं. नागपूरकडचे जी. एन. जोशी वकिलीची सनद बाजूला ठेवून आधी गायक म्हणून आणि मग एचएमव्हीचे, म्हणजे त्याच कुत्र्याच्या छापाचे, ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून या कामात शिरले, ते याच दशकात.

तबकडी हातात घ्या, पण जपून. ती लाखेची आहे. झाडाच्या फांदीवर बसणारा किडा जे सोडतो त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबलेली आहे. जगभराच्या तबकड्यांना लाख पुरवली ती मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांनी, पळस आणि कुसुमाच्या झाडांनी. यंत्राच्या साउंडबॉक्समधली अभ्रकाची चकतीही बहुधा त्याच मुलखातली. पळस परभणीच्या बांधावरही आहे. यंत्र विलायती, पण त्यातून निघणारा आवाज ज्या पदार्थावर कोरला जातो तो इथल्या झाडांचा, हे त्या गादीवर बसलेल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मला स्वतःला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कच्चा माल आपला, गळे आपले, कान आपले. कुठला गळा निवडायचा हे तेवढं दुसरीकडे ठरत होतं.

तुम्ही आडत्याला विचारता, जात्यावरच्या ओव्यांची तबकडी मिळेल का? तो हसतो. “ते घरी ऐकत नाहीत का, मालक? इथं कशाला?” निजामाच्या मुलखातल्या या कोपऱ्यात अजून कुठली कंपनी यंत्र घेऊन येत नाही. पोवाडे, लावण्या, कीर्तनं, सगळं तबकडीवर येतंय, पण मुंबई-पुण्याच्या वाटेनं. त्या वाटेवर परभणीची पहाट नाही.

सप्टेंबर 1948. या स्टेशनात उतरू नका, नुसतं बाहेर बघा. तेराला भारताच्या फौजा निघाल्यात, सतराला निजामानं शरणागती पत्करली आणि परभणी स्वतंत्र देशात आली. तीनच महिने आधी, जूनमध्ये, न्यूयॉर्कात कोलंबिया कंपनीनं पत्रकारांपुढं नवी तबकडी मांडली होती. लाखेची नाही, व्हायनलची. मिनिटाला 78 ऐवजी सव्वातेहेतीसच्या आसपास वेढे, चर केसाहून बारीक, एका बाजूला वीसएक मिनिटं. व्हायनलकडे वळण्यामागे युद्धाचाही हात होता: जपानशी लढाई पेटल्यावर अमेरिकेत लाख मिळेनाशी झाली, सैनिकांसाठी पाठवायच्या तबकड्या न फुटणाऱ्या हव्या होत्या, आणि त्या व्हायनलच्या काढल्या गेल्या. तीन मिनिटांची भिंत पडली. ओवीला आता जागा होती. पण ती जागा परभणीपासून फार लांब होती.

आणि आता 1950 साल, गंगाखेड. गोदावरीचा घाट. जनाबाईचं हे गाव. सातशे वर्षांपूर्वी इथं जन्मलेली पोर पंढरपुरात नामदेवाच्या घरी दळत-कांडत राहिली आणि देवाला जात्यापाशी बसवून घेतलं. मराठीत दळणाऱ्या बाईला नाव मिळालं ते तिच्या रूपानं. आदल्या वर्षी प्रभातचा ‘संत जनाबाई’ चित्रपट आलाय. हंसा वाडकर जनाबाई झाल्यात, संगीत सुधीर फडक्यांचं आहे. फिरत्या टॉकीजच्या तंबूत पुढं बसलेल्या बायकांचे डोळे ओले आहेत. चित्रपट मनापासून केलेला आहे आणि त्यातलं संगीत उत्तम आहे, यात शंका नाही. तरी तुम्ही ज्या कामासाठी आलात ते यानं होत नाही. जनाबाईचं गाणं मराठी माणसानं यंत्रावर ठेवलं, ते कवीनं लिहिलेलं, संगीतकारानं बांधलेलं, वाद्यवृंदासह गायलेलं. तंबूतून बाहेर पडलेल्या बायका तीन तासांनी उठून जात्याशी बसतील, आणि त्यांचं गाणं कुणी ठेवणार नाही.

घाई करा, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एक आवाज गावात येतोय. भुक्, भुक्, भुक्. वेशीबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत डिझेलचं इंजिन लागलंय, धुराड्यावर तांब्या ठेवलेला, तो शीळ घालतो. पिठाची गिरणी. मागाहून वीज येते आणि गिरणी विजेवर चालते. डोक्यावर पाटी घेऊन पोरी गिरणीला जातात, रांगेत उभ्या राहतात, तासाभरात दळण घेऊन परततात. एखाद्या म्हातारीला विचारा, जातं बंद झालं याचं वाईट वाटतं का? ती तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल. “माय, हाताला घट्टे पडलेत बघा. लेकीच्या नशिबी नको.” तिचं खरं आहे. पहाटे चारला उठून रोज शेरभर धान्य दळणं हे कष्ट होते आणि ते सुटले हे चांगलंच झालं. ओवीच्या प्रेमापोटी कुणी जात्याचे गोडवे गाऊ नयेत.

पण काळाचा क्रम नीट बघा. ज्या विजेनं हळू आवाज टिपणारा मायक्रोफोन दिला, तीच वीज खेड्यात आली ती आधी गिरणीच्या रूपानं. आवाज ठेवणारं यंत्र पोचण्याआधी आवाज थांबवणारं यंत्र पोचलं. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची पुस्तकं एडिसन, बर्लिनर, गैसबर्ग या क्रमानं जातात. परभणीच्या खेड्यातून लिहिलेल्या इतिहासात गिरणीला प्रकरण द्यावं लागेल.

1972. दुष्काळ. विहिरी तळाला गेल्यात, माणसं खडी फोडायला जातायत, पोरांच्या हातात सुकडी आहे. त्याही वर्षी लग्नं लागतायत, कमी खर्चात, पण भोंग्याशिवाय नाही. लिंबाच्या झाडावर भोंगा बांधून लाउडस्पीकरवाला खाली बसलाय. त्याच्याकडे बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर, फिरती थाळी आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत कागदी पाकिटांतल्या व्हायनलच्या तबकड्या, बऱ्याचशा लहान, मिनिटाला 45 वेढ्यांच्या. यंदा सगळ्यांना ‘पिंजरा’ सिनेमाची गाणी हवीत; राम कदमांच्या चाली कोसभर ऐकू जातायत. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पण त्याच ट्रंकेत, विठ्ठलाचा आणि भीमाचाही. चौदा एप्रिलला भीमनगरात हीच ट्रंक जाते. खेड्यात चावीची पेटी आणि लाखेची तबकडी बरीच वर्षं टिकली, कारण त्यांना वीज लागत नव्हती. आता ती माळ्यावर गेलीय.

त्याच गावात ओसरीवर रेडिओ आहे. काटा फिरवा, परभणी आकाशवाणी लागेल. हे केंद्र आलं आणि पहिल्यांदाच ध्वनिमुद्रण यंत्र परभणीत राहायला आलं. आता मुंबईची गाडी धरायला नको. गोंधळी, भारुडी, भजनी मंडळं एसटीनं येतात, काचेपलीकडचा दिवा लाल झाला की गातात. याच परभणीचे राजारामभाऊ कदम हे गोंधळाचे केवढे मोठे जाणकार! त्यांच्या तोंडचं जांभूळ आख्यान पुढं मुंबईच्या रंगभूमीपर्यंत पोचलं. टेपचा गुण आणि दोष मात्र एकच: ती पुसून पुन्हा वापरता येते. मेणात कोरलेलं राहतं. चुंबकावर लिहिलेलं कुणाच्या तरी निर्णयावर राहतं. तुम्ही इथं जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून घेऊ शकता. स्टुडिओत जातं आणायचं म्हणाल तर लोक मदतही करतील. पण ओव्या म्हणणारी बाई घाबरलीय. सतरंजीवर बसून, समोर लोखंडी दांड्यावरचा मायक्रोफोन, “हं, म्हणा आजी”, आणि तिला ओव्या आठवत नाहीत. तिला त्या डोक्यात नसतात, हातात असतात. दगड फिरला की येतात.

1980च्या दशकात फार वेळ घालवू नका. फेब्रुवारीतल्या उरुसात, तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याच्या वाटेवर, कॅसेटचे गाडे लागलेत. कव्वाली, भीमगीतं, भारुडं, विनोदी नाटुकली, दहा-पंधरा रुपयांत काहीही. व्हायनल संपलंय, कुणी रडलेलं दिसत नाही. कॅसेटनं एक फार मोठी गोष्ट केली: ध्वनिमुद्रण मोठ्या कंपनीच्या हातून सुटलं. टू-इन-वन घरात आला आणि त्याच्यावर लाल बटण होतं. ज्या घरात तो होता, त्या प्रत्येक घरात आजीचा आवाज ठेवता आला असता. बटण दाबलं गेलं ते बहुतेक रेडिओवरच्या गाण्यासाठी.

आणि अखेर 1996. पूर्णा तालुक्यातलं ताडकळस. तुम्ही मागं उभे राहा, मधे बोलू नका. गंगूबाई अंबोरे गातायत. समोर बर्नार बेल नावाचा फ्रेंच माणूस आहे, संगणकाचा जाणकार आणि संगीताचा अभ्यासक. कर्णा नाही, तीन मिनिटांची खूण नाही, खांद्याला धरून मागं ओढणारं कुणी नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी 1980च्या दशकात गावोगावच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजारावर गावं, एक लाखाहून अधिक ओव्या, आणि प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव. मग बेल आले आणि कागदावरच्या ओव्यांना आवाज मिळाला. सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. गंगूबाई सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. रामायणातली सीता परभणीच्या बोलीत, परभणीच्या उन्हात रानात निघालीय. आवाजाला तालीम नाही, तरी एक सूर इकडचा तिकडे होत नाही. नव्वद वर्षांपूर्वी ढेलजेत ऐकलेल्या त्या आवाजाचं नातं तुम्हाला लगेच कळतं. त्या दोघींचं नाव तुम्ही विचारलं नव्हतं. हिचं नाव नोंदलेलं आहे.

2017पासून हा सगळा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर एकेका गाण्यानं खुला होतोय. गी प्वातव्हँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. एचएमव्हीच्या सगळ्या मराठी तबकड्या एका पारड्यात घाला आणि हे 120 तास दुसऱ्यात. मराठी बाईच्या मनाचा इतिहास लिहायचा असेल तर मी दुसरं पारडं मागेन. तबकड्यांनी आपल्याला आपले मोठे कलावंत दिले, त्याचं ऋण फिटणारं नाही. पण बाईनं बाईला, ऐकणारं तिसरं कुणी नसताना काय सांगितलं, हे कुठल्याच तबकडीवर नाही. आणि हे 120 तास मिळाले ते गिरण्या लागून एक पिढी उलटल्यावर, ज्यांच्या हातात ओव्या अजून होत्या अशा शेवटच्या बायकांकडून. आधीच्या नव्वद वर्षांत जे गेलं ते किती होतं, याची मोजदाद करायला कुठलंच यंत्र नाही.

तुम्ही परत आलात. फोन खिशात आहे. आता अट उठलीय.

परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा, गंगाखेड, कुठल्याही गावात ज्या आज्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत, त्यांनी लहानपणी आईसमोर बसून दळलंय. त्यांच्याकडे जा. आधी विचारा, चालेल का म्हणून. नाही म्हणाल्या तर तिथंच थांबा. हो म्हणाल्या तर जातं असेल तर ते मांडा, मूठभर धान्य घ्या, पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन जात्यापासून हातभर लांब मऊ कापडावर ठेवा, म्हणजे दगडाचा धक्का आवाजात येणार नाही. गाणं मधे तोडू नका. चुकल्या तर चुकू द्या, बोलल्या तर बोलू द्या. त्यांचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून मुद्रित करा. फाईल एकाच फोनवर ठेवू नका. घरात दोन ठिकाणी आणि घराबाहेर एका ठिकाणी प्रत असू द्या.

माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की वजनानं तडकतात. उन्हात नको. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मुंबईतली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था 1990पासून अशा तबकड्यांचा माग ठेवत आली आहे. लेबलावरचं नाव आणि क्रमांक टिपून अशा जाणकारांना विचारा. तबकडीची दुसरी प्रत कुठं ना कुठं सापडूही शकेल. आजीची नाही, म्हणून आधी तिच्याकडे जा, याच आठवड्यात.